निळ्या बगळ्याचं भाडं

उन्हवण्यांच्या घरात सकाळी साडेसहाला मेणबत्ती लागते आणि ती लागल्याशिवाय कुणाच्या घशाखाली चहा उतरत नाही. मंगलाबाई लग्न होऊन नामपूरहून नाशकात आल्या, तेव्हापासूनचा हा त्यांचा नेम. पाथर्डी फाट्याजवळ दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत फळीवर बुद्धाची पांढरी मूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर आणि खाली चटईवर तिघंजण हात जोडून बसलेले. मंगलाबाई डोक्यावर पदर घेऊन, त्यांचे पती पुंजाराम कंपनीचा खाकी शर्ट घालून, आणि लेक चैताली एक डोळा घड्याळावर ठेवून.

पंचशील म्हणून झालं की मंगलाबाई प्रत्येक शीलाचा अर्थ मराठीत सांगत. रोज तोच अर्थ, रोज त्याच शब्दांत. दुसऱ्या शीलाशी आलं की पुंजारामांचा आवाज आपोआप चढे. जे कुणी दिलेलं नाही ते मी घेणार नाही. त्यांना ते म्हणायला आवडे, कारण सव्वीस वर्षांत त्यांनी कंपनीतून एक खिळासुद्धा घरी आणला नव्हता. घरातल्या स्टुलाचा पाय दोन वर्षं डुगडुगत होता. तरी खिळा दुकानातूनच आला.

अंबडच्या ज्या कारखान्यात ते प्रेस चालवत, त्याचं नाव हालविक पंप. मूळ कंपनी युरोपातली. शेतातल्या विहिरीपासून मोठ्या इमारतींच्या टाक्यांपर्यंत तिचे पंप जात आणि प्रत्येक पंपावर एक पितळी पट्टी बसे. पट्टीवर एका पायावर उभा निळा बगळा. एका पाळीत अठराशे बगळे पुंजारामांच्या हाताखालून जात. तो बगळा काही युरोपातून आलेला नव्हता. वीस वर्षांपूर्वी कंपनीची सहल नांदूरमधमेश्वरला गेली होती. तिथे पाणथळीत उभा पक्षी पाहून टूलरूममधल्या झुंबर मिस्त्रींनी बिडीच्या पाकिटावर त्याचं चित्र काढलं, साहेबांना ते आवडलं, आणि मिस्त्रींनीच त्याचा साचा केला. साचा करताना हात जरासा सरकला आणि चोच वाकडी झाली. साहेबांच्या ते लक्षात आलं नाही. कामगार मात्र आजही त्या पट्टीला वाकड्या चोचीचा म्हणतात. मिस्त्रींना बक्षीस म्हणून स्टीलचा तीन पुडी डबा मिळाला होता.

या मंगळवारी चहा पिताना पुंजाराम खिशातल्या चिठ्ठीवर नावं वाचत होते. बुधवारी पाळी सुटल्यावर शेवटची चार घरं करायची होती. कारखान्यात दर तीन वर्षांनी पगारवाढीचा करार होतो. यंदा मॅनेजरने पुंजारामांना गार केबिनमध्ये बोलावलं, कपबशीतून चहा दिला आणि एक कागद दाखवला. कंपनी या वर्षी तोट्यात गेली होती. तीन वर्षं वाढ नाही, कामगारांची बस बंद, कँटीनचं जेवण बाजारभावाने. हे मान्य नसेल तर कारखाना दुसऱ्या राज्यात जाईल. युनियनचे खंडेराव हिशेब मागत होते, त्यांचं कोण ऐकणार? मॅनेजर पुंजारामांना म्हणाले होते की लोक युनियनवर नाही, तुमच्यावर विश्वास ठेवतात. ते मात्र खरं होतं. दारू नाही, पत्ते नाहीत, खोटं नाही, असा माणूस दारात येऊन कंपनी अडचणीत आहे म्हणाला, की लोक माना डोलवत. चौतीस घरं झाली होती. रविवारी विहाराच्या सभागृहात सह्या व्हायच्या होत्या.

"आपण सोसलं तर पोरांच्या हाताला काम राहीन," ते मंगलाबाईंना म्हणाले. "आई आजारी पडली म्हणून कुणी घर सोडून जातं का?"

कंपनीला आई म्हणणारी माणसं अजून आहेत. कंपन्यांना ती फार आवडतात.

चैताली एम.कॉम. झाली होती आणि गोविंदनगरला निर्मळ ग्लोबल नावाच्या कचेरीत कामाला होती. काचेच्या दारातून आत गेलं की प्लॅस्टिकच्या गवताची भिंत लागे. तिच्यावर सचोटी या अर्थाचा इंग्रजी शब्द दिव्यांनी लिहिलेला होता आणि त्यातलं शेवटचं अक्षर दिवाळीपासून विझलेलं होतं. मालक किशोर सर सनदी लेखापाल. आवाज इतका मऊ की ऐकणाऱ्याला आपलंच काही चुकल्यासारखं वाटावं. त्यांच्या केबिनमध्ये पेठकडच्या आश्रमशाळेत वह्या वाटतानाचे फोटो होते. वह्या साठ होत्या. फोटो त्याहून जास्त असावेत.

चैतालीचं काम मार्क देण्याचं. जगातले सत्तर देश आणि बेटं, प्रत्येकाला वीस प्रश्न. तिथे कंपनीच्या खऱ्या मालकाचं नाव सांगावं लागतं का? नफ्यावर कर किती? कचेरी, माणसं, टेबलखुर्ची लागते, की नुसती टपालपेटी पुरते? दुसऱ्या देशाच्या सरकारने विचारलं तर उत्तर मिळतं का? लपवणं जितकं सोपं तितके मार्क जास्त. शंभरापैकी शंभर म्हणजे तिथे हत्ती लपवला तरी सोंड दिसायची नाही. ही रीत परदेशातल्या कुणा भल्या माणसांनी काढली होती. मोठमोठ्या कंपन्या नफा कमावतात एका देशात आणि दाखवतात दुसऱ्याच, जिथे कर नाही तिथे. मग अशा जागांची मोजदाद करावी, नंबर लावावेत, जगापुढे मांडावेत, म्हणजे त्यांना लाज वाटेल, असं त्या भल्या माणसांना वाटलं. लाज वाटायला आधी ती असावी लागते, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

"आपण लाज मोजतो, चैताली," किशोर सर मुलाखतीत म्हणाले होते. ते ऐकून तिच्या अंगावर काटा आला होता. घरी येऊन तिने सांगितलं आणि मंगलाबाईंनी विहारातल्या बायकांना सांगितलं, की माझी लेक जगातल्या चोरांचे पेपर तपासते. मग आमच्या मीटर रीडिंगवाल्याचाही नंबर घाल म्हणावं, असं शकुबाई म्हणाल्या आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

चैताली मन लावून पेपर तपासायची. बाकीचे जुने मार्क उतरवून मोकळे होत. ही कायदे वाचायची. गेल्या वर्षी सेंट ओरेल नावाचं बेट तिच्या वाट्याला आलं. नकाशावर ते सुईच्या टोकाने दाखवावं लागतं. माणसं अठ्ठावीस हजार आणि कंपन्या चाळीस हजार. तिथल्या एका पिवळ्या इमारतीच्या पत्त्यावर एकवीसशे कंपन्या होत्या आणि खाली आइस्क्रीमचं दुकान. जुने मार्क एकसष्ट. चैतालीने नवा कायदा आठ दिवस वाचला आणि चव्वेचाळिसाव्या पानावर तिला हवं ते सापडलं. कंपनीचं नाव, चित्र, चिन्ह यांच्या भाड्यावर तिथे एक पैसा कर नव्हता, आणि ते भाडं कुणाच्या खिशात जातं हे कुठल्याच वहीत लिहावं लागत नव्हतं. तिने मार्क चौऱ्याऐंशी केले. बेट एकोणतिसाव्या नंबरवरून तिसऱ्यावर आलं. चोराची कॉलर धरल्याचा आनंद तिला झाला.

किशोर सरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या आणि पगार सहा हजारांनी वाढवला. क्लायंट फार खूश आहेत, म्हणाले. चोर सापडल्याने कुठले क्लायंट खूश होतात, असा प्रश्न तिच्या मनात आला होता. पण सहा हजार रुपये मनात आले की प्रश्नाला बसायला जागा उरत नाही.

त्या वाढीतून मंगलाबाईंनी विहाराला पंखा दिला. तीन पात्यांचा, पांढरा. कोपऱ्यावरच्या नियाज पेंटरने लाल रंगाने एका पात्यावर चैताली, दुसऱ्यावर पुंजाराम, तिसऱ्यावर उन्हवणे असं लिहून दिलं. आपल्याकडे ही रीतच आहे. वाटी दिली तरी नाव, ताट दिलं तरी नाव, बाक दिलं तर बसणाऱ्याच्या पाठीला नाव. शिकलेले लोक हसतात. पण दिलं कुणी आणि आलं कुठून, हे त्यातून गावाला कळतं, एवढं त्यांच्या ध्यानात येत नाही.

त्या मंगळवारी दुपारी किशोर सरांनी चैतालीला एक फाइल दिली. नव्या क्लायंटपुढे ठेवायची जुनी यशोगाथा होती, इंग्रजी तपासून द्यायचं होतं. कंपनीचं नाव झाकलेलं. पहिल्याच पानावर जगाच्या नकाशात हिरवं वर्तुळ, वर्तुळात चौऱ्याऐंशी. तिच्या तक्त्यात हाच आकडा लाल होता. खाली लिहिलं होतं, की ताज्या क्रमवारीत तिसरा क्रमांक असल्यामुळे क्लायंटच्या बोधचिन्हाची मालकी सेंट ओरेल येथे हलवण्यात आली. भारतातला कारखाना शंभर रुपयांच्या विक्रीमागे नऊ रुपये त्या चिन्हाचं भाडं बेटावर पाठवतो. पुढच्या ओळीत होतं, भारतीय कारखान्याचा निकाल: तोटा. आणि कंसात: अपेक्षेप्रमाणे.

नाव झाकणाऱ्याने चित्र झाकलं नव्हतं. पानाच्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढा, एका पायावर निळा बगळा उभा होता. चैतालीने ते चित्र मोठं करून पाहिलं. चोच वाकडी होती.

शेजारच्या टेबलावर मेहविश बसायची. वडाळ्याची, तिच्याआधी तीन वर्षं लागलेली. चैतालीचा चेहरा पाहून तिने खुर्ची जवळ ओढली आणि एकदाच फाइलकडे नजर टाकली.

"तुला आत्ता कळलं?" ती हळूच म्हणाली. "तू वरून खाली वाचतेस, की कोण किती वाईट. ते पण वरूनच वाचतात, की कुठे जायचं. यादी तीच आहे यार. मीपण पहिल्या वर्षी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. मग अम्मीचं डायलिसिस सुरू झालं, आणि रडायला टाइम नाही मिळाला."

चैताली फाइल घेऊन किशोर सरांच्या केबिनमध्ये गेली. ते पांढऱ्या कपातून कसलासा गवतासारखा चहा पीत होते. तिने विचारलं, की आपण हे मार्क लाज वाटावी म्हणून देतो ना? सरांनी कप खाली ठेवला. लहान मुलाने देव कुठे राहतो विचारल्यावर मोठी माणसं हसतात, तसं ते हसले. लाज ही फार सापेक्ष गोष्ट आहे, म्हणाले. यात बेकायदेशीर एक अक्षर नाही. प्रत्येक पानावर वकिलाची सही आहे.

"सर, ते चित्र अंबडला काढलंय. त्या बेटावर एक माणूस नाही. खाली आइस्क्रीमचं दुकान आहे."

"हो, तो मुद्दा आलाय पुढे. पुढच्या वर्षी तिथे एक टेबल टाकतोय आपण. दोन खुर्च्या." मग त्यांनी आवाज आणखी मऊ केला. "तुझे मार्क अचूक असतात, चैताली. तू ढिसाळ असतीस ना, तर कुणाला तुझा काही उपयोग नसता. वडील हालविकमध्ये आहेत ना तुझे? मग कंपनी टिकलेली तुमच्याच हिताची."

म्हणजे त्यांना माहीत होतं. कामावर लागतानाच तिने एका कागदावर सही केली होती, की इथलं काही बाहेर बोलणार नाही, बोलल्यास भरपाई देईन. तो कागद सरांनी खणातून काढला नाही, नुसता खण थोडा उघडून पुन्हा लावला. अशी माणसं कधी धमकी देत नाहीत. धमकीचे कष्टसुद्धा त्यांनी दुसऱ्यावर सोपवलेले असतात.

बुधवारी सकाळी मेणबत्ती लागली. दुसरं शील आलं. पुंजारामांचा आवाज चढला, मंगलाबाईंचा नेहमीसारखा चालला, आणि चैतालीचे ओठ हललेच नाहीत. मंगलाबाईंनी ते पाहिलं. नेम मोडू नये म्हणून त्या पुढच्या शीलाकडे गेल्या. पण चहाचा कप हातात देताना त्यांनी तो सोडला नाही. दोघींच्या बोटांत कप तसाच राहिला.

"काय शे?" त्यांनी माहेरच्या बोलीत विचारलं. लेकीला खरं विचारायचं असलं की त्यांच्या तोंडी तीच बोली यायची.

संध्याकाळी सांगते, चैताली म्हणाली.

संध्याकाळी पुंजाराम शेवटची चार घरं करून आले. अडतीस झाली, म्हणाले, सगळे तयार आहेत. हातपाय धुऊन बसले तेव्हा चैतालीने एक पितळी पट्टी त्यांच्यासमोर ठेवली. जुन्या पंपाची होती, घरमालकाने भंगारात काढलेली. आणि मग सगळं सांगितलं.

पुंजारामांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. तोट्याचा कागद मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, म्हणाले. शिक्का होता, सही होती. एवढा मोठा माणूस कपबशीतून चहा देऊन खोटं कशाला बोलेल? चैतालीने कागदावर शंभर लिहिले, त्यातून नऊ काढले, बाण काढून बेटाकडे नेले. पुंजाराम बाणाकडे पाहत राहिले. आधी समजलं ते मंगलाबाईंना. त्या पोळी लाटत होत्या, लाटणं थांबवून म्हणाल्या,

"म्हणजे आपण आपलंच घर शेजारणीच्या नावावर करायचं. मग तिला भाडं द्यायचं. आणि पोरं जेवायला बसली की सांगायचं, घरात दाणा नाही, भाड्यात गेला सगळा. आणि ती शेजारीण कोण, तर मीच. लुगडं बदलून पलीकडे बसलेली."

"हो आई," चैताली म्हणाली. "आणि कुठल्या शेजारणीचं घर चांगलं, ते मी शोधून दिलं."

पुंजारामांनी पट्टी उचलली, बगळ्याच्या चोचीवरून अंगठा फिरवला. वीस वर्षांत त्यांनी तो किती वेळा ठोकला असेल कोण जाणे. ज्याचं भाडं देऊन कंपनी भिकेला लागली म्हणत होती, तो हा असा, त्यांच्याच हाताखालून निघालेला.

"झुंबरला ह्याचं काय दिलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"डबा," मंगलाबाई म्हणाल्या. "तीन पुडी."

"अडतीस घरं केली मी," पुंजाराम म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मंगलाबाईंनीही आग्रह केला नाही, फक्त त्यांचं ताट वाढून झाकून ठेवलं.

पुढचे तीन दिवस ते कामावर गेले, बगळे ठोकत राहिले. मॅनेजरने वाटेत थांबवून रविवारचं पक्कं ना, असं विचारलं तेव्हा ते नुसते हो म्हणाले. सभा होणार होती, एवढं तर पक्कं होतंच. चैतालीला त्यांनी एकच गोष्ट सांगितली. तू येऊ नको, तुझी नोकरी जाईल. जे सांगायचं ते मी सांगेन, कुणी सांगितलं ते सांगणार नाही.

चैताली गेली. मेहविशची अम्मी तिच्या डोळ्यांपुढे होती, तो अर्धा उघडलेला खणही होता. पण आयुष्यभर खोटं न बोललेल्या माणसाला अडतीस घरांपुढे उत्तर देताना एकट्याला सोडायचं, हे तिला जमेना.

विहाराच्या सभागृहात दीडशे माणसं बसली होती. पुढे खंडेराव, हातात सह्यांचे कागद, चेहऱ्यावर हरलेल्या माणसाची शांती. भिंतीशी झुंबर मिस्त्री, आता निवृत्त, काठी टेकून. वर पंखे फिरत होते. वंदना झाली आणि पुंजाराम उठले. त्यांना भाषणाची सवय नव्हती. हातातली पट्टी त्यांनी वर धरली.

ते म्हणाले, की मी तुमच्या दारात येऊन सांगितलं, कंपनी तोट्यात आहे. ते खोटं निघालं. मला माहीत नव्हतं, तरी तोंड माझं होतं. मग त्यांनी भाड्याची गोष्ट सांगितली, मंगलाबाईंच्या शेजारणीसकट. लुगडं बदलून बसलेली शेजारीण लोकांना लगेच कळली. पहिल्या रांगेत कुणीतरी शिवी हासडली आणि मूर्तीकडे बघून जीभ चावली.

"म्हंजी हे चित्तर ज्याचं, त्याला भाडं?" झुंबर मिस्त्रींनी भिंतीशी बसूनच विचारलं. "मंग माझ्या खात्यावर कसं नाय आलं? का माझ्या गावाला समुद्र नाय म्हणून?"

सभागृह हसलं. त्या हसण्यात मागून एक आवाज आला. अडतिसांतलाच एक माणूस होता.

"पुंजारामभाऊ, हे तुम्हाला सांगितलं कोणी? तुमची पोरगी त्याच धंद्यात हाय ना? पगार घेताना नाय कळलं तिला?" त्याने बोट वर केलं. "तो पंखा बी त्यातलाच ना?"

हसणं थांबलं. खोटं पुंजारामांना येत नव्हतं, आणि खरं बोललं तर लेक उघडी पडत होती. तेवढ्यात वीज गेली. रविवारची दुपार, अंबड लाइनवर ती जातेच. पंखे हळूहळू मंदावले. फिरताना जी नुसती लाल रेघ दिसायची, तिची अक्षरं झाली. चैताली. पुंजाराम. उन्हवणे. दीडशे माणसांनी मान वर करून वाचली.

चैताली बायकांच्या बाजूने उठली.

"हो. त्यातलाच आहे," ती म्हणाली. "मी त्या बेटाला मार्क दिले. मला वाटलं मी चोर पकडून देते. मी त्यांना जागा शोधून दिली. पप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. मला सहा हजार वाढले, त्यातून हा पंखा आला. आता मी जे सांगितलं ते कुठेही लिहून देईन, सही करून."

मागचा माणूस खाली बसला. खंडेरावांनी सह्यांचे कागद उलटे केले आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं: बगळ्याचं भाडं किती, कुणाला, कधीपासून, ते लेखी दाखवा, मग बोलू. त्या अर्जाखाली पहिली सही झुंबर मिस्त्रींनी केली. ते आता कामगार नाहीत, असं कुणीतरी म्हणालं. चित्राचा बाप तर हाय, ते म्हणाले आणि सही तशीच राहिली.

कंपनी हादरली वगैरे काही झालं नाही. मॅनेजरने अर्ज घेतला, पोच दिली आणि पुंजारामांची बदली प्रेसवरून गोदामात केली. करार अजून अडलेला आहे. बस बंद झाली. कामगार सायकली काढून येतात, पण कराराच्या कागदावर सही कुणी केलेली नाही.

सभेच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, चैतालीने राजीनामा दिला होता. त्याआधी शेवटचं काम म्हणून तिने तक्ता उघडला आणि सत्तर ओळींखाली एकाहत्तरावी ओळ लिहिली: गोविंदनगर, तिसरा मजला. तेच वीस प्रश्न प्रामाणिकपणे तपासले. खऱ्या मालकाचं नाव सांगतात का? विचारलं तर उत्तर देतात का? एक्क्याण्णव मार्क पडले. पहिला नंबर. तिने पान छापलं आणि सरांच्या टेबलावर, वह्या वाटतानाच्या फोटोशेजारी ठेवलं. मेहविशने ते जाताना वाचलं आणि तो पूर्ण आठवडा तिने एकाही देशाला मार्क दिले नाहीत, असं चैतालीला नंतर कळलं. किशोर सरांनी पान घडी घालून कपाखाली ठेवलं म्हणे. पंधरा दिवसांनी भरपाईची नोटीस आली. मजकूर अत्यंत मऊ होता.

नोटीस आली त्या सकाळी मेणबत्तीनंतर मंगलाबाई चहा न घेताच बाहेर पडल्या. चैताली शोधत विहारात गेली, तर त्या नियाज पेंटरच्या घोडीवर चढलेल्या, हातात थिनरचा बोळा, आणि खाली नियाज घोडी धरून अवघडलेला.

"दिलेलं परत घेता येत नाही," त्या वरूनच म्हणाल्या. "पंखा राहू दे, लोकांना वारा लागतो. पण नाव खोडते. हे दान नव्हतं, पोरी. दुसऱ्याच्या ताटातलं काढून आपण आपलं नाव घातलं त्याच्यावर."

"खाली ये आई."

"लाज वाटते मला. येणारा जाणारा वाचतो."

"म्हणूनच राहू दे," चैताली म्हणाली. "नाव खोडायची रीत त्यांची आहे."

मंगलाबाई बोळा हातात घेऊन उभ्या राहिल्या. थिनरचा एक थेंब खाली फरशीवर पडला. मग त्या एकेक पायरी उतरल्या, बोळा नियाजच्या हातात दिला आणि भिंतीवरचं बटण दाबलं. पंखा फिरू लागला. अक्षरांची रेघ झाली. दोघी तिच्याखाली बसल्या आणि मंगलाबाईंनी हात जोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसरं शील आलं तेव्हा चैतालीने ते आईच्या आधी म्हटलं.